अक्कांचा खुबा आणि पांढरा स्वयंपाक

तुमच्या पणजीच्या रक्तात ऑस्ट्रेलिया सापडला, तेव्हा तुम्ही दोघं जन्मालाही आला नव्हतात. आज तुम्ही मेलबर्नला राहता आणि फोनवर मला तिकडच्या पावसाचं सांगता. पण आपल्या घराचा त्या देशाशी पहिला संबंध आला तो धुळ्याच्या एका प्रयोगशाळेत, काचेच्या नळीत. परवा तुम्ही विचारलंत, की कानबाईच्या फोटोत पणजी हात वर करून हसते आहे आणि पणजोबा काठी धरून पोलिसासारखे का उभे आहेत. त्याचं उत्तर फोनवर देता येण्यासारखं नाही. म्हणून लिहिते आहे, आणि माझ्या सवयीप्रमाणे पहिल्यापासून.

तुमची पणजी म्हणजे माझ्या सासूबाई. अख्खं गाव त्यांना अक्का म्हणायचं, म्हणून मीही अक्काच म्हणायची. त्या आणि आबा, म्हणजे माझे सासरे, शिंदखेड्याजवळच्या गावी शेतीवर असत. मी आणि तुमचे आजोबा नोकरीमुळे जळगावात, मेहरूणला. मी इंग्रजी शाळेत शिकलेली आणि पुढे इंग्रजीच शिकवणारी. मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावणारी सून घरात आली तेव्हा अक्कांनी एकेक डबा उघडून वास घेतला होता आणि चिठ्ठी खरं बोलते की नाही ते तपासलं होतं. तिथून आमचं जमलं.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. अक्कांचा उजवा खुबा झिजला होता. मांडीचं हाड कमरेच्या वाटीत जिथे फिरतं, तिथली सगळी गुळगुळीत गादी संपली होती आणि हाडावर हाड घासत होतं. चालताना त्या एका बाजूला अशा झुकायच्या की आबा म्हणायचे, "बैलगाडीना आख वाकना शे." आख म्हणजे चाकांमधला दांडा. अक्का त्यांना हातातली काठी दाखवायच्या.

दुखण्याचं त्यांना फारसं वाटत नसे. त्यांचं खरं दुःख होतं कानबाईचं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे कानबाई बसते, हे तुम्हाला माहीत आहे. नारळाला नथ आणि डोळे लावून सजवलेली देवी चौरंगावर बसवायची, आणि सोमवारी तो चौरंग घरच्या बाईने डोक्यावर घेऊन नाचत नदीवर न्यायचा. आमच्या घरचा नियम असा, की जी थोरली सुवासीण घरापासून नदीपर्यंत आपल्या पायांनी जाऊ शकते, तिच्या डोक्यावर कानबाई. अक्का लग्नानंतर लवकरच थोरल्या झाल्या होत्या आणि तेव्हापासून चौरंग त्यांचाच. त्या वर्षी मात्र त्या ओट्यावर खाटेवर बसून राहिल्या आणि चौरंग त्यांच्या धाकट्या जावेने उचलला. जाताना जाऊबाई गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही आराम करा, अक्का. आते आमना टाईम."

अक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत. संध्याकाळी मला म्हणाल्या, "वहू, तुना इंग्रजी डॉक्टर आनशी का? माले नवा पाय पाहिजे. पुढला साले मी नदीवर चालत जासू, नाचत जासू."

सुनेला त्या 'वहू' म्हणायच्या. आणि इंग्रजी डॉक्टर म्हणजे इंग्रजीत चिठ्ठी लिहिणारा. त्या काळी धुळ्याला एका खाजगी दवाखान्यात महिन्यातून एकदा मुंबईचे एक सर्जन येत आणि खुब्याचा सांधा बदलत. आम्ही अक्कांना जीपमध्ये मागच्या सीटवर आडवं घालून नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "आजी, हा सांधा नाही, ही खडी आहे. बदलू. आधी रक्त तपासू."

आणि रक्तात ऑस्ट्रेलिया निघाला.

तेव्हा रिपोर्टवर तसंच लिहून यायचं: ऑस्ट्रेलिया अँटिजेन, पॉझिटिव्ह. मी वाचून दाखवलं. अक्का माझ्याकडे वळल्या. "मी चाळीसगावना पलीकडे कधी गयी नही. हाई कोठून उनं?"

डॉक्टर हसले, पण लगेच गंभीर झाले. म्हणाले, ही बी प्रकारची कावीळ; तिची खूण पहिल्यांदा ऑस्ट्रेलियातल्या एका माणसाच्या रक्तात सापडली, म्हणून हे नाव. डोळे पिवळे होत नाहीत, ताप नाही, पण विषाणू वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये मुक्कामाला असतो. लहानपणी शिरला की बहुधा तसाच राहतो. त्यांनी विचारलं, कधी रक्त चढवलं होतं? सुया टोचल्या होत्या? अक्कांनी पदर मागे सारून दोन्ही हात टेबलावर ठेवले. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण: तुळस, विंचू, सीतेचा पाळणा. यात्रेत गोंदणारी यायची आणि गल्लीतल्या सगळ्या मुली एका रांगेत, एकाच सुईने. "यातून असेल का?" मी विचारलं. "असू शकेल," डॉक्टर म्हणाले. "आता कोण सांगणार? विंचवाला विचारा."

मग त्यांनी जे समजावलं ते मला आजही तसंच्या तसं आठवतं, कारण आबांना ते समजेपर्यंत त्यांनी सोडलं नाही. लिव्हर हा शरीरातला कारखाना. रक्त गोठवणारे पदार्थ तोच तयार करतो. तो थकलेला असेल, तर ऑपरेशनमध्ये रक्त थांबत नाही, जखम लवकर भरत नाही, आणि नव्या सांध्यात पू होण्याची भीती वाढते. पू झाला तर बसवलेली धातूची वाटी-गोळा काढून टाकावी लागते, आणि मग माणूस आधीपेक्षाही वाईट. पण विषाणू नुसता बसून असेल आणि कारखाना व्यवस्थित चालू असेल, तर जपून करता येतं. "पुढच्या फेरीला लिव्हरच्या तपासण्या करू. त्या चांगल्या आल्या तर करू, नाहीतर नाही. तोवर लिव्हरची काळजी घ्या. आणि घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासून लस टोचून घ्या. एका ताटात जेवल्याने हे होत नाही, रक्तातून होतं."

"लिव्हरची काळजी घ्या" हे तीन शब्द बोलून डॉक्टर मुंबईला गेले. काळजी म्हणजे काय ते सांगायचं राहिलं. ती कसर माझ्या नणंदेने भरून काढली.

नणंद रावेरकडे दिलेली. केळीवाल्यांच्या घरात. तिला बातमी कळली तशी ती दोन पिशव्या घेऊन मेहरूणच्या घरी हजर, कारण तपासण्यांसाठी अक्का आमच्याकडेच राहिल्या होत्या. दारातच तिने जाहीर केलं, "वहिनी, कावीळ ती कावीळ. आतली असो की बाहेरची. आजपासून पिवळं बंद."

आपल्याकडे काविळीला हळद आणि तेल वर्ज्य, हे लहान पोरालाही माहीत असतं. पण नणंदेचा कायदा त्याच्या कितीतरी पुढे गेला. हळद गेली. तूरडाळ पिवळी, गेली. बेसन, शेव, मका, आंबेहळदीचा तुकडा, सगळं फडताळाच्या वरच्या कप्प्यात, आमच्यापुरतं तेवढं काढून घ्यायचं. तेलाचा थेंब नाही. पालेभाजी पचत नाही म्हणून बंद, दूध जड म्हणून बंद. उरलं काय? भात, साधं ताक, मुळा, मुरमुरे, साबुदाणा आणि सकाळ-संध्याकाळ उसाचा रस. दुसऱ्या दिवशी अक्कांचं पिवळं लुगडं कपाटात गेलं. तिसऱ्या दिवशी नणंद मान वर करून दिव्याकडे पाहत उभी होती. मला कळलं, आता बल्बची पाळी. तुमच्या आजोबांनी स्टुलावर चढून पिवळा बल्ब काढला आणि ट्यूबलाइट लावली. "लिव्हरसाठी," ते खाली उतरून गंभीरपणे म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर टॉवेल धरून हसत बसले.

मला हे पटत नव्हतं. पण ज्यांनी पटवून घ्यायचं त्या अक्काच सगळ्यात पुढे होत्या. एरवी लेकीचं एक न ऐकणाऱ्या अक्का पांढऱ्या भातावर पांढरं ताक ओतून घेत आणि म्हणत, "कानबाईकरता मी चुना बी खासू." पंगतीत आमच्या ताटांत लाल-पिवळा रंगपंचमीचा थाट आणि त्यांच्या ताटात हिमालय. पण कधीकधी त्यांची जीभ सुटायची. एकदा नणंदेने मुळ्यावरचं मीठही कमी केलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "वं माय, कानबाईना रोट खावाना येळे तू परकी, आनि मनी हयद बंद करवाना येळे घरनी?" कानबाईच्या नैवेद्याचे रोट फक्त कुळातल्यांनी खायचे असतात, लग्न झालेल्या लेकीला मिळत नाहीत. नणंद म्हणाली, "रोट नका देऊ. लिव्हर माझ्या हवाली करा."

तिने माळही आणली. काविळीची माळ तुम्ही पाहिली नाहीत. बारीक काड्यांची, दोऱ्यात गुंफलेली. डोक्यावर ठेवली की ती हळूहळू लांब होत खाली उतरते आणि कावीळ ओढून नेते, असा समज. गाठी सैल होत जातात म्हणून ती लांबते, हे तुमच्या आजोबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि त्यांना गच्चीवर पाठवण्यात आलं. अक्कांची माळ कानापर्यंत उतरली आणि चष्म्याच्या काडीत अडकली. दोन दिवस तिथेच. नणंद म्हणाली, कावीळ डोक्यात जमली आहे. अक्का म्हणाल्या, "डोकात नही, चष्मामा जमनी." शेवटी चष्मा काढला तेव्हा माळ सर्रकन कमरेपर्यंत आली आणि दोघींनी समाधानाने श्वास सोडला. खुब्यापर्यंत पोहोचली म्हणजे आता दुखणंही ओढणार!

मग नंदोई आले. नणंदेचे यजमान, केळीचे जुने बागायतदार, अंगापिंडाने मोठे आणि मनाने हळवे. सासूबाई आजारी म्हणून जीपमध्ये केळीचा एक घड घालून आले. बायकोने तो दारातच अडवला.

"केळं पिवळं असतं. चालणार नाही."

नंदोई तिथेच उभे राहिले, घड खांद्यावर. "कायचं पिवयं? आवो, हे पाय, हिरवंगार हाये. आमच्या बागेतून केयं हिरवंच जातं. पिवयं तं व्यापारी करतो!"

"पण पिकल्यावर?"

"पिकल्यावर वरून पिवयं. आतून पांढरं! तुले पांढरंच पायजे ना? मले सांगा वहिनी, तुम्ही शिकलेल्या हाये. केयाचा रंग सालीवरून ठरवाचा का गरावरून?"

मी म्हटलं, हा प्रश्न इंग्रजीतही सोपा नाही.

बैठकच बसली. आबाही शिंदखेड्याहून आले होते, त्यांनी न्यायाधीशासारखे पाय वर घेतले. नंदोई इतके दुखावले होते की त्यांना आधी चहा द्यावा लागला. शेवटी निकाल असा लागला: गर पांढरा, म्हणून केळं चालेल, पण साल अक्कांच्या दृष्टीस पडता कामा नये. मग घड पिकल्यावर नंदोई रोज गॅलरीत भिंतीकडे तोंड करून केळं सोलायचे, साल खिशात घालायचे आणि सोललेलं केळं वाटीत झाकून आत आणायचे. जावयाने सासूला केळं असं चोरून द्यावं, याचं शेजाऱ्यांना फार नवल वाटे. एक दिवस साल त्यांच्या खिशातच राहिली आणि ते तसेच लग्नाला गेले.

अशी एक फेरी चुकली, कारण डॉक्टर आले नाहीत, आणि दुसरी फेरी येईपर्यंत अक्का पांढऱ्यावरच होत्या. त्यांचे गाल बसले. बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या. नणंद म्हणे, कावीळ उतरते आहे. मला वाटे, अक्काच उतरत आहेत. पण त्या खमक्या. हात हलवून म्हणायच्या, "देखा, हलकी व्हयनू. नाचाले सोपं."

धुळ्याला आम्ही सगळे गेलो. रक्त दिलं, आणि दुपारी डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी रिपोर्ट वाचला, पुन्हा वाचला, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या चष्मा ठेवण्यावरूनच मला कळलं.

"रक्त गोठायला फार वेळ लागतो आहे," ते म्हणाले. "शरीरातलं प्रथिनही खाली गेलं आहे. लिव्हर बहुधा थकलं आहे. अशा अवस्थेत मी चाकू लावला तर रक्त थांबणार नाही, आणि थांबलंच तर जखम भरणार नाही. आजी, मला माफ करा. हे ऑपरेशन होणार नाही."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. नणंदेने पदर तोंडाशी नेला. मी अक्कांकडे पाहायला धजत नव्हते. खाटेवर बसून धाकट्या जावेकडे पाहणाऱ्या अक्का मला दिसत होत्या. यंदाच काय, दरवर्षी.

अक्कांनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि शांतपणे विचारलं, "डॉक्टर भाऊ, ऑपरेशन नही ते नही ना? नक्की?"

"नक्की, आजी."

"मंग आते माले शेवनी भाजी खाऊ द्या. तर्रीवाली. आनि एक पिवयं केयं, सालसकट हातमा द्या. माले भूक लागनी, भाऊ. दिवाळी गयी, माले भूक लागेलच शे."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा लावला. "भूक? म्हणजे? काय खातात या?"

आम्ही सगळ्यांनी नणंदेकडे पाहिलं. नणंदेने, शाळेत कविता म्हणावी तशी, यादी म्हटली: भात, ताक, मुळा, मुरमुरे, साबुदाणा, उसाचा रस. पिवळं नाही, हिरवं नाही, तेल नाही, डाळ नाही, दूध नाही.

"आणि केयं," नंदोई मागून म्हणाले. "पण तोंड फिरवून सोललेलं."

डॉक्टरांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलू लागले. मग त्यांनी रिपोर्ट तोंडासमोर धरला, पण रिपोर्टही हलू लागला. नर्स दार उघडून आत आली तेव्हा मुंबईचे नामांकित सर्जन डोळे पुसत होते आणि म्हणत होते, "तोंड फिरवून... तोंड फिरवून!" नर्सही हसू लागली, कशाला ते माहीत नसताना. नंदोई तेवढे हसत नव्हते. त्यांनी खिशातला रुमाल काढून घाम पुसला आणि रुमालासोबत एक वाळकी साल जमिनीवर पडली. मग तेही सुटले.

"बठ्ठा हासी ऱ्हायनात," अक्का माझ्या कानाशी म्हणाल्या, "काय झायं?"

झालं होतं ते असं. रक्त गोठवायचे पदार्थ लिव्हर करतं, पण त्यातल्या काहींना के जीवनसत्त्व लागतं. ते मिळतं पालेभाजीतून, आणि अंगी लागायला तेल-तूप लागतं. दोन्ही बंद. प्रथिन मिळतं डाळीतून, दुधातून. तेही बंद. "लिव्हर खरंच थकलंय की ते फक्त उपाशी आहे, हे मला आता सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण कळायचा मार्ग आहे. के जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतो. लिव्हर चांगलं असेल तर रक्त गोठण्याचा वेळ सुधारेल. खराब असेल तर नाही सुधारणार, आणि मग मीही काही करू शकणार नाही."

आबांनी टोपी डोक्यावर चढवली. जन्मभर कापूस जिनिंगला घालणारा माणूस. "म्हणजे जिन चालू शे की बंद, हाई माहीत नही, कारण आपीन कापूसच धाडा नही."

"बरोबर. आधी कापूस पाठवा."

इंजेक्शनं झाली आणि पुन्हा रक्त काढलं, तेव्हाची वाट पाहणं मला आठवतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही एका बाकावर ओळीने बसलो होतो. नणंद एकदम म्हणाली, "वहिनी, माझ्यामुळे हिचा पाय गेला तर?" तिचा चेहरा भाताच्या पेजेसारखा झाला होता. मी काही म्हणायच्या आत अक्का पलीकडून म्हणाल्या, "पाय गयेलच व्हता, म्हणून ते आठे उनूत. गप बस आनि माले ते फुटाणा दे. पिवया शेतस ना? आखो दे."

रक्त गोठण्याचा वेळ सुधारला होता. डॉक्टरांनी स्वतः बाहेर येऊन सांगितलं. लिव्हरमध्ये विषाणू होता, पण कारखाना चालू होता. "आता वजन भरा," ते म्हणाले, "प्रथिन वर आलं की करू. पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या फेरीला."

त्यानंतर मेहरूणच्या घरात जे घडलं त्याला जेवण म्हणता येणार नाही. त्याला भरपाई म्हणावी लागेल. तूरडाळ, पालक, मेथी, दूध, तूप, शेवेची भाजी, आणि वांग्याच्या भरितावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. फडताळाच्या वरच्या कप्प्यातून हळद वाजतगाजत खाली आली. नणंदच पुढे होती. जितक्या निष्ठेने तिने हळद काढली होती तितक्याच निष्ठेने ती आता घालत होती, इतकी की अक्का म्हणाल्या, "आते माले बाहेरथून बी पिवयी करशी का?" नंदोई गॅलरीत बसायचे सोडून बैठकीत, सगळ्यांसमोर, विजयी मुद्रेने केळं सोलू लागले. पिवळा बल्ब तेवढा परत लागला नाही. ट्यूबलाइटमध्ये पेपर बरे तपासता येतात.

ऑपरेशन थंडीत झालं. अक्कांचा नंबर त्या दिवशी सगळ्यात शेवटी होता. विषाणूमुळे नंतर सगळं जास्त काळजीने धुवायचं असतं, आणि डॉक्टर-नर्सनी दुहेरी हातमोजे घातले होते. रक्ताच्या बाटल्या जास्तीच्या तयार होत्या. दुखण्याच्या गोळ्याही मोजून-मापून दिल्या, लिव्हरला झेपतील अशा. इतरांपेक्षा अक्कांना दवाखान्यात जास्त दिवस ठेवून घेतलं. रोज पट्टी सोडली की आम्ही सगळे डॉक्टरांच्या भुवयांकडे पाहायचो. भुवई वर गेली तर पू. भुवई कधी वर गेली नाही. जखम इतरांपेक्षा हळू भरली, पण कोरडी भरली.

आता खाली मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, जड उचलायचं नाही. उकिडवं नाही म्हटल्यावर संडासाचं काय? गावी तेव्हा खुर्चीवजा भांडं कुठे मिळणार? आबांनी सुताराकडून सागवानी खुर्ची करून घेतली, मधोमध गोल भोक, आणि हातांवर मोराची नक्षी. अक्का तिच्यावर बसल्या की गावात कुजबुज व्हायची, अक्का गादीवर बसल्या. तो सांधा त्यांच्या शेवटापर्यंत टिकला, आणि लिव्हरच्या तपासणीला त्या दर वर्षी स्वतःच्या पायांनी गेल्या. आम्ही सगळ्यांनी लस घेतली. तुमच्या आईने इंजेक्शनला सगळ्यात जास्त आरडाओरडा केला, हे तिला सांगा.

आणि श्रावण आला.

चौरंग उचलायचा नव्हता. डोक्यावर ओझं नाही, हे डॉक्टरांनी अक्कांना तीनदा बजावलं होतं, आणि अक्कांनी ते मला तीनदा सांगितलं होतं, जणू बंदी माझ्यावरच आहे. सोमवारी सकाळी आरती झाली. धाकट्या जाऊबाई पदर खोचून पुढे आल्या. अक्का काठी टेकत मधे उभ्या राहिल्या.

"थोरली सुवासीण, आपला पायवर नदीपर्यंत जाई ती. मी जाई ऱ्हायनू. म्हणजे कानबाई मनीच. मी उचलसू नही, पन कोन उचली ते मी सांगसू." आणि त्यांनी काठी माझ्याकडे केली. "वहू, ये."

मी! मला कानबाईचं एक गाणं पूर्ण येत नव्हतं, आणि नाचता तर आजही येत नाही. माझ्या डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर चौरंग आला, नारळाच्या देवीची नथ माझ्या कपाळावर डुलू लागली, आणि मी पहिलं पाऊल इतकं सरळ टाकलं की मागून तुमच्या आजोबांचा आवाज आला, "कवायत आहे का?"

अक्का माझ्या पुढे चालत होत्या. एका बाजूला न झुकता. संबळ वाजत होता, दारादारातून बायका माझ्या पायांवर पाणी ओतत होत्या, आणि अक्का मागे वळून ओरडत होत्या, "नाच ना वं! खांबना सारखी काय चालस?" मी म्हणे, "अक्का, देवी पडेल." त्या म्हणत, "देवी पडत नही. तू पडशी. नाच!" नणंद टाळ्या पिटत होती. नंदोईंनी वाटायला केळी आणली होती, पिवळीधमक, आणि ते ती सालीसकट लोकांच्या हातांत देत होते.

नदी दिसायला लागली तिथल्या वळणावर अक्का थांबल्या. मला वाटलं, दुखायला लागलं. नणंद धावली. पण त्यांनी फक्त काठी आबांच्या हातात दिली, "धरा जरा," म्हणाल्या, पदर कमरेला खोचला, आणि दोन्ही हात वर केले. गिरक्या नाहीत, फुगडी नाही. जागच्या जागी, संबळाच्या ठेक्यावर, एक पाय, दुसरा पाय. आधी जुना, मग नवा. त्या हसत होत्या, आणि धाकट्या जाऊबाई सगळं विसरून त्यांच्यासमोर नाचू लागल्या होत्या. फोटो तिथलाच आहे. चौरंगाचा कोपरा दिसतो ना उजवीकडे, त्याच्याखाली मी आहे.

बायका नाचत पुढे गेल्या तरी आबा काठी धरून वळणावर तसेच ताठ उभे होते. नदीकडून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने काळजीने विचारलं, "काय आबा, काठी? पायले काय झायं?"

आबा अक्कांवरची नजर न काढता म्हणाले, "माले काही नही झायं, भाऊ. मी निस्ता उभा शे."